बिनपरागी सूर्यफुलात दाणे भरले!

मंडळी, उन्हाळी सूर्यफुलं कापायला सुरुवात केली आणि पोचट दाण्यांचं कोडं एकदाचं सुटलं. संकरित तेलबियाच्या झाडांवर दाणे छान भरलेत, ते होणारच होतं. खरी बातमी त्या लालसर-तपकिरी शोभेच्या वाणाची आहे. गेल्या हंगामात त्याचं तबकच्या तबक (फुलाचा मधला, दाण्यांचा गोल भाग) पोचट निघालं होतं, आठवत असेल.

तेव्हा सगळा संशय बोरॉन या अन्नद्रव्याच्या कमतरतेवर होता. म्हणून यंदा दोन्ही वाणांवर पाकळ्या उमलायच्या सुमाराला बोरॅक्स (बोरॉनचा क्षार) फवारलं, लिटरला २ ग्रॅम, आधी कोमट पाण्यात विरघळवून. शिवाय सकाळी ८ ते ११ च्या दरम्यान तळहाताला मलमल गुंडाळून तबकावरून हलकेच हात फिरवायचा, एका झाडावरून दुसऱ्यावर, एक दिवसाआड. सूर्यफुलाला स्वतःचा पराग फारसा चालत नाही, दुसऱ्या झाडाचाच लागतो. आमच्या गच्चीवर फुलोरी या छोट्या मधमाश्या येतात, पण तुरळक. सातेरी मधमाशी तर दिसतच नाही. तेव्हा हे काम आपणच करायचं.

शोभेची झाडं आधी फुलली. मलमल फिरवली, कापड पांढरंच्या पांढरं! पुन्हा फिरवली, तरी तेच. मग भिंग घेऊन बसलो. तबकातली बारीक फुलं बाहेरच्या कडेकडून आत अशी रोज थोडी थोडी उमलतात. प्रत्येक फुलात आधी पुंकेसरांची गडद नळी वर येते आणि पराग सोडते, मग दुसऱ्या दिवशी तिच्यातून कुक्षी बाहेर पडून तिची दोन टोकं बाहेरच्या बाजूला वळतात. इथे कुक्ष्या अगदी व्यवस्थित वळलेल्या होत्या, पण नळीवर पिवळ्या भुकटीचा एक कणही नाही. हे वाण बिनपरागी आहे!

फुलदाणीसाठी मुद्दाम अशी वाणं काढतात, म्हणजे पराग गळून कपड्यांना, टेबलाला डाग पडत नाहीत. संकरित बियाण्यामागेही हाच गुण आहे. १९६९ मध्ये फ्रान्समध्ये लक्लेर्क यांना नरवंध्य, म्हणजे पराग न धरणारं, सूर्यफूल मिळालं आणि संकरित बियाणं मोठ्या प्रमाणावर तयार करायची वाट मोकळी झाली. आपल्याकडचा पहिला संकर बीएसएच-१ हा १९८० चा. शेतातल्या संकरात नर-वाणाकडून पराग परत आणणारं जनुक येतं, म्हणून तिथे दाणे भरतात. फुलदाणीच्या वाणात त्याची कोणाला गरज नसते. पण ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून हे बी घेतलं, त्याने पाकिटावर एका शब्दाने तरी सांगायला हवं होतं. दाण्यांसाठी लावणाऱ्याचा अख्खा हंगाम जातो यात. मी तरी आता बी घेताना परागाचं विचारल्याशिवाय पैसे देणार नाही. त्या मानाने कृषी सेवा केंद्रातलं साधं पाकीट बरं. वाण, लॉट, उगवणशक्ती, चाचणीची तारीख, सगळं छापलेलं असतं.

तोवर शोभेची तबकं निम्मी उमलून गेली होती. तेवढ्यात तेलबियाचं पहिलं फूल उघडलं. त्यावर मलमल फिरवली तर कापड हळदीसारखं पिवळं! तेच कापड लगेच शोभेच्या तबकांवर फिरवलं आणि फुलं मिटेपर्यंत तो नेम सोडला नाही.

आता तबकाची पाठ लिंबासारखी पिवळी झाली, कडेची छदं (तबकाभोवतीची हिरवी पानं) तपकिरी पडली, तसं कापून पाहिलं. बाहेरच्या ओळीतले दाणे बोटांच्या चिमटीत धरले की चपटे होतात. आत सरकत गेलं की अचानक टणक दाणे लागतात, नखानेही दबत नाहीत. मग मध्यावर पुन्हा पोचट, पण तो भाग कुंडीत एरवीही नीट भरत नाही. म्हणजे परागाचं कापड ज्या दिवशी पहिल्यांदा फिरलं, तिथून बरोबर भरीव कडं सुरू झालंय! इतका स्वच्छ पुरावा बागेत क्वचित मिळतो. ते तबक मी कितीतरी वेळ हातात धरून बसलो होतो.

जागेबद्दलही एक सांगतो. कळी असताना सूर्यफूल सूर्यामागे वळतं, पण उमललं की पूर्वेला तोंड करून थांबतं. पूर्वेकडचं फूल सकाळी लवकर तापतं आणि त्यावर माश्या जास्त येतात, असं २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. पण झाडांच्या पिशव्या गच्चीच्या पूर्वेच्या कठड्याला लावल्या तर तबकं बाहेर झुकतात आणि हात पुरत नाही. पश्चिमेच्या भिंतीला लावा, तोंडं आपल्याकडे येतात. पोपटांसाठी कांद्याच्या गोणीची जाळी पुरेशी आहे, खारींना मात्र ती पुरत नाही.

पुढच्या हंगामात शोभेचं वाण बंद, फक्त मॉर्डेन लावायचं, असं ठरवून हे लिहायला बसलो होतो. बुटकं वाण, कुंडीला उत्तम, आणि संकरित नसल्याने घरचं बी धरता येतं. पण लिहिता लिहिता लक्षात आलं, त्या भरीव कड्यातला प्रत्येक दाणा संकर आहे! आई शोभेची, बाप तेलबिया, आणि पुंकेसर खुडायची कटकटही नाही. हे पेरायलाच हवेत. ताज्या बियांना महिना-दीड महिना सुप्तावस्था असते, म्हणजे आत्ता घाई करून उपयोग नाही. जूनमध्ये पेरलं तर फुलोरा नेमका पावसात सापडेल, पराग धुऊन जाईल. म्हणून ऑगस्ट अखेर, थेट पिशवीतच पेरणार, रोपं हलवणार नाही. लाल रंग किती झाडांत उतरतो, आणि पराग धरणारी किती निघतात, ते बघायचंय. शेजारी मॉर्डेनच्या दोन पेरण्या, आठ-दहा दिवसांच्या अंतराने, म्हणजे पराग देणारं एखादं तरी झाड कायम फुललेलं असेल.

मॉर्डेनचं यंदाचं बी कोणाकडे असेल तर कळवा, बदल्यात या संकराचे दाणे देईन.