ठिपकीला मानमोडी नव्हती

आमच्या आळीत कोंबडी जरा पिसं फुगवून कोपऱ्यात बसली की निदान तयार असतं, मानमोडी. सर्दी असो, जंत असोत, काहीही असो, सगळं मानमोडीच. आणि उपायही ठरलेला, मरायच्या आत सुरी फिरवा. मागच्या महिन्यात आमच्या ठिपकीवर ती वेळ आली होती आणि त्यात गाढवपणा मी पण केलाय, म्हणून सगळं लिहितेय.

ठिपकी गावरान, दोन वर्षांची, १४ कोंबड्यांत हिचाच दरारा. भाताची मळणी नुकतीच उरकली होती. सकाळी खुराडं उघडलं तर सगळ्या एकमेकींच्या अंगावरून उड्या मारत बाहेर आणि ही आपली सगळ्यांच्या मागून, मान आखडलेली, शेपटी खाली, तुरा फिका पडलेला. दाणे टाकल्यावर आली, दोनदा चोच आपटली पण खाल्लं काहीच नाही. सासूबाई म्हणाल्या खुडूक झाली असेल, म्हणजे अंडी उबवायला बसायच्या बेतात. पण खुडूक कोंबडीला हात लावून बघा, पिसं फुलवून अंगावर येते, चोच मारते. ही बाई उचलून कुठंही ठेवा, तशीच.

आधी वाटलं अंडं अडकलं. पोटाखाली, मागच्या बाजूला हळूच चाचपलं, टणक काही लागलं नाही, कुंथतही नव्हती, म्हणून ते सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी शीट हिरवट, पाण्यासारखी. पंखाखाली हात घातला तर अंग गरम! घरातला थर्मामीटर लावला (आता तो कोंबड्यांचाच झालाय) तर १०६.५. मी हादरलेच. शेजारचे आबा कुंपणापलीकडून बघून म्हणाले, "मानमोडीच ही. बाकीच्यांना लागायच्या आत उरकून टाक."

सुरी काही माझ्याच्यानं झाली नाही, पण घाबरून मी तालुक्याला जाऊन अँटिबायोटिकची पावडर आणली आणि सगळ्यांच्याच पाण्यात कालवली. दुकानदारानं एका शब्दानं विचारलं नाही काय झालंय, किती कोंबड्या आहेत, आणि मीही विचारलं नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत, तो विषाणूचा आजार, त्याला अँटिबायोटिक काही करत नाही, हे मला माहीत असून मी हे केलं. वर १३ धडधाकट कोंबड्यांना फुकटचं औषध आणि पुढं कितीतरी दिवस अंडी फेकून द्यायची वेळ. सासूबाईंनी तोंडानं काही म्हटलं नाही, अंड्यांची टोपली मात्र रोज माझ्यासमोर आणून ठेवायच्या.

रात्री पडल्यापडल्या डोकं चालायला लागलं. राणीखेतची लस तर उन्हाळ्यात दिलेली. आणि राणीखेत असती तर तीन दिवस एकटी ठिपकीच कशी आजारी राहील? तो रोग शिरला की लस नसलेला कळप दोन-चार दिवसांत झोपवतो, कोंबड्या चोच वासून श्वास घेतात, मान पिळवटते, पाय-पंख लुळे पडतात. इथं त्यातलं एकही नाही. सकाळी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला आणि ताप, हिरवी शीट सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं. ते म्हणाले, "अहो ताई, कोंबडीचं अंग एवढंच गरम असतं, १०५ ते १०७. आणि पोटात काही गेलं नाही की नुसतं पित्त उतरतं, शीट हिरवीच होणार. मला एक सांगा, पहाटे दाणे टाकायच्या आधी तिची छाती चाचपून बघितली का?"

नव्हती बघितली. कोंबडीला दात नाहीत, ती गिळते आणि ते सगळं आधी मानेच्या बुडाशी, छातीवर जरा उजवीकडं असलेल्या पिशवीत साठतं. तिथून हळूहळू पुढं पेट्यात जातं (कलेजी-पेट्यातला पेटा तोच) आणि तिथं खड्यांनी भरडलं जातं. संध्याकाळी ती पिशवी लिंबाएवढी भरलेली असते आणि रात्रभरात रिकामी होते. सकाळी भरलेली लागली की काहीतरी अडलंय.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला बॅटरी घेऊन खुराड्यात. आधी बाकी दोघी-तिघींना चाचपलं म्हणजे हाताला फरक कळावा, सगळ्या रिकाम्या, नुसती सैल कातडी. मग ठिपकी. टेनिस बॉलएवढा गोळा, कडक, आणि दाबलं की आत काड्या सरकल्यासारखं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मऊ, डचमळणारं असेल आणि तोंडाला आंबूस वास असेल तर ती बुरशी, त्याचा इलाज वेगळा. वास काहीच नव्हता.

मग डालग्याखाली वेगळी ठेवली, दाणा बंद, फक्त पाणी. सुई काढलेल्या सिरिंजनं दोन-तीन मिली खोबरेल, तेही चोचीच्या कडेनं थेंब थेंब, कारण श्वासाची वाट जिभेच्या मागंच असते, घाईत तेल तिकडं गेलं तर संपलंच. दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं तो गोळा बोटांनी हलके कुस्करायचा. आबा म्हणत होते पाय वर धरून ओकव, ते डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवलं होतं की अजिबात नाही, उलटं धरलं की तेच फुफ्फुसात जातं. दोन दिवस केलं, जरा नरम पडलं पण जागचं हललं नाही आणि तिचं छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागायला लागलं.

शेवटी टोपलीत घालून स्कूटरवर दवाखान्यात. रांगेत पुढं म्हैस, मागं दोन शेळ्या, आणि माझ्या मांडीवर कोंबडी, लोक हसत होते. डॉक्टरांनी छातीवरची पिसं काढली, बधिर करायचं इंजेक्शन दिलं, दोन बोटं चीर दिली आणि चिमट्यानं ओढायला लागले. पेंढ्याच्या लांब काड्या, एकात एक पीळ घातलेल्या, आणि त्या सगळ्याला आवळून पांढरा प्लास्टिकचा दोरा, कोंबडीखाद्याच्या गोणीचं तोंड शिवलेलं असतं ना तोच. गोणी उसवून दोरा अंगणात टाकणारी मीच. अंडी घालायच्या टोपलीत अख्खा पेंढा अंथरणारीही मीच. आधी पिशवीला टाके, मग कातडीला वेगळे. खाली ठेवली तर उभी राहिली, अंग झाडलं आणि तिथंच शिटली.

एक दिवस पाणी, मग मऊ भात दह्यात कालवून चमचा चमचा, दिवसातून पाच-सहा वेळा. आठ-दहा दिवस वेगळी ठेवावी लागली, लाल जखम दिसली की बाकीच्या टोचून टोचून जीव घेतात.

आता पेंढा बोटभर लांबीचा कापून टाकते, वाळूची पाटी भरून ठेवलीय, दोरे डब्यात जातात. ठिपकी खाते, पहाटे छाती रिकामी लागते, अंडं मात्र अजून नाही. आणि दरारा गेला. काल संध्याकाळी दांडीवरच्या तिच्या जुन्या जागेवर चढायला गेली तर परवापरवापर्यंत हिला घाबरणाऱ्या लाल तलंगेनं (तरण्या कोंबडीनं) तिला खाली ढकललं. मी उचलून परत वर ठेवली, परत ढकलली. शेवटी खालच्या दांडीवर, दाराजवळ बसली.