6,300 पौंडांचं शेत

मुंबईच्या ऑपेरा हाऊस भागातल्या हिरेबाजारात मी बरीच वर्षं कच्चा माल निवडायचं काम केलं. 'डी बिअर्सचा माल', म्हणजे डी बिअर्स या हिरेकंपनीचे कच्चे हिरे, हे शब्द तिथे रोज कानावर पडायचे. तो माल लंडनहून यायचा. कुठल्या जमिनीतून निघाला, याची चौकशी कुणी करत नसे. मी मात्र त्याबद्दल मिळेल ते वाचत गेले.

योहानेस आणि डीडरिक डी बिअर हे भाऊ दक्षिण आफ्रिकेतले शेतकरी. 1871 मध्ये त्यांच्या शेतावर हिरे सापडले, खोदणाऱ्यांची झुंबड उडाली आणि त्यांनी जमीन 6,300 पौंडांना विकून टाकली. त्या मुलखावर ग्रिक्वा लोकांचा दावा होता, पण त्याच वर्षी ब्रिटिशांनी तो मुलूख ताब्यात घेतला. तिथेच किंबर्लीचा तो प्रचंड खड्डा झाला. 1914 मध्ये काम थांबेपर्यंत त्यातून सव्वादोन कोटी टन माती उपसली गेली आणि सुमारे 2,720 किलो हिरे निघाले.

ब्रिटिश खाणमालक सेसिल ऱ्होड्सने 1888 मध्ये डी बिअर्स कन्सॉलिडेटेड माइन्स उभी केली. पुढच्या वर्षी प्रतिस्पर्धी किंबर्ली सेंट्रल कंपनीसाठी 53,38,650 पौंडांचा धनादेश फाडला. या धनादेशाबद्दल कौतुकाने लिहिणारे पुष्कळ आहेत. मजुरांच्या कंपाउंडबद्दल तितकं लिहिलं जात नाही, याचा मला राग येतो. कृष्णवर्णीय मजूर करार संपेपर्यंत त्या आवाराबाहेर पाऊल टाकू शकत नसत. हिरा बाहेर भिरकावता येऊ नये म्हणून वरून तारेची जाळी. घरी सोडण्याआधी त्यांना काही दिवस विवस्त्र कोंडून ठेवत, गिळलेला हिरा पडतो का ते बघायला. गोऱ्या कामगारांनी कपडे उतरवून झडती द्यायला नकार देत 1884 मध्ये संप केला, आणि त्यांना सूट मिळाली. कंपाउंडमधल्यांना ती मिळाली नाही. मी हातात घेतलेल्या प्रत्येक खड्यामागे असं काही नव्हतं, काळ बदलला होता. पण या धंद्याची घडी तिथे बसली, हे विसरता येत नाही.

मग 1929 मध्ये अर्नेस्ट ओपेनहायमर डी बिअर्सचे अध्यक्ष झाले. किती माल बाजारात सोडायचा आणि कुणाला द्यायचा, हे कंपनी ठरवू लागली. आमच्या शेठना साइटला, म्हणजे कंपनीच्या निवडक ग्राहकांसाठीच्या विक्रीला, जे खोकं मिळायचं ते निमूट घ्यावं लागे.

बोट्स्वानात मात्र वेगळं घडलं. देश स्वतंत्र झाला 1966 मध्ये, आणि दुसऱ्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. ती जमीन राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच बामांग्वाटो जमातीच्या मुलखात होती. तरी खनिजांचा हक्क जमातींकडून राष्ट्राकडे आणणारा कायदा त्यांच्याच सरकारने केला. खाणकंपनीतला सरकारचा सुरुवातीचा 15 टक्के वाटा पुढे 50 टक्क्यांवर गेला. रस्ते, शाळा, दवाखाने त्या पैशातून झाले. कंपनी तीच, पण समोर बसलेला माणूस आपल्या लोकांसाठी बोलत होता. 2013 मध्ये साइटही लंडनहून बोट्स्वानाच्या राजधानीत, गॅबोरोनला हलल्या.

आता प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी भाव पाडलेत आणि बोट्स्वानाची तिजोरी आटते आहे. 2025 मध्ये औषधांच्या तुटवड्यामुळे तिथे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. डी बिअर्समधून बाहेर पडायचं तिची मुख्य मालक कंपनी अँग्लो अमेरिकनने 2024 मध्येच जाहीर केलं आहे. बोट्स्वानाला मोठा वाटा हवा आहे. पडत्या बाजारात तो घेणं धोक्याचं आहे, हे मला कळतं. तरी तो त्यांनाच मिळावा, असं मला मनापासून वाटतं.