आरयूसी भरणं पाच मिनिटांचं, मीटरचा आकडा सुधारणं पाच आठवड्यांचं

गाडी जितकी धावेल तितका रस्त्याचा कर (आरयूसी, म्हणजे रोड यूजर चार्जेस), हे न्यूझीलंडचं तत्त्व मला पटतं. पण या कराचा सगळा डोलारा मीटरवरच्या सहा आकड्यांवर उभा आहे. त्यातले दोन आकडे दुसऱ्याच कुणी उलटे टाइप केले, तर ते सुलटे करून आणायची पायपीट गाडीवाल्याच्या गळ्यात पडते. माझ्या मीटरवर होते १,२४,३८०. वॉफ (गाडी रस्त्यावर आणण्यालायक आहे का याची सक्तीची तपासणी) करणाऱ्या गॅरेजातून नोंद गेली १,४२,३८०. राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून आधीच सांगते: वॉफला गाडी देण्याआधी आणि परत घेताना मीटरचा फोटो काढा. दोन्ही वेळा.

इथे नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. पेट्रोलवाल्यांचा रस्त्याचा कर पंपावरच लिटरमागे कापला जातो, त्यामुळे त्यांना तो भरल्याचं जाणवतही नाही. डिझेलवर तसा कर नाही, कारण बरंचसं डिझेल ट्रॅक्टर, मासेमारीच्या बोटी, जनरेटर यांत जळतं आणि त्यांचा रस्त्याशी संबंध नसतो. म्हणून डिझेल गाड्यांनी किलोमीटर आगाऊ विकत घ्यायचे. हे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. विजेच्या हलक्या गाड्यांना बरीच वर्षं माफी होती, ती ३१ मार्च २०२४ ला संपली. १ एप्रिलपासून आम्हीही रांगेत. पहिली खरेदी करायला ३१ मेपर्यंत सवलत होती.

साडेतीन टनांपर्यंतच्या डिझेल किंवा पूर्ण विजेवरच्या गाडीला हजार किलोमीटरला ७६ डॉलर, जीएसटी धरून. प्लग-इन हायब्रिडला ३८, कारण ती पेट्रोलवरही कर भरतेच. म्हणजे माझी चिमुकली, विजेवरची निसान लीफ आणि शेजारचा भलाथोरला डिझेल यूट (मागे उघडा हौदा असलेली गाडी), दोघांना दर सारखाच. यावर इथल्या प्रत्येक वीजगाडीवाल्याचं एक भाषण तयार असतं, माझंही आहे, पण ते राहू द्या.

खरेदी सोपी आहे. परिवहन खात्याच्या (एनझेडटीए) साइटवर गाडीचा नंबर टाका, मीटरचा आकडा टाका, किती हजार हवेत ते सांगा, कार्डाने पैसे भरा. किलोमीटर हजाराच्या पटीतच मिळतात. दर खरेदीमागे वेगळी फी लागते, मी घेतलं तेव्हा ऑनलाइन १२.४४ डॉलर होती, काउंटरवर थोडी जास्त. फी खरेदीमागे आहे, किलोमीटरमागे नाही. म्हणून हजार-हजार करत पाच वेळा घेतलं तर ४४२.२०, एकदम पाच हजार घेतले तर ३९२.४४. जवळजवळ पन्नास डॉलर नुसते फीत जातात. मी दहा हजार एकदम घेतले, ७७२.४४. एका दमात एवढे जाताना हात आखडतो, पण वर्षभर डोकं शांत राहतं, निदान राहायला हवं होतं.

ऑनलाइन घेतलं की काचेवर लावायचा कागद, म्हणजे आरयूसीचं लायसन्स, पोस्टाने येतो. लगेच हवा असेल तर काउंटरवर जा. त्यावर दोन आकडे छापलेले असतात, सुरुवात आणि शेवट. माझ्या कागदावर १,१७,६४० ते १,२७,६४०. तो काचेच्या आतून, डावीकडे खाली लावायचा, छापील बाजू बाहेर. पुढचं लायसन्स तुम्ही कधीही घ्या, ते मागचं जिथे संपलं तिथूनच सुरू होतं. मध्ये भोक ठेवता येत नाही. ‘मधले तीनशे किलोमीटर राहू दे, आजपासून धरा’ अशी सोय नाही.

या साखळीमुळेच जुनी गाडी घेताना टायरआधी काच बघा. कागदावरचा शेवटचा आकडा आणि मीटर यांची वजाबाकी करा. मीटर मागे असेल तर तितके किलोमीटर तुम्हाला गाडीबरोबर मिळाले, विकणारा त्याची किंमत धरेल, धरू द्या. मीटर पुढे असेल तर ते आधीच्या मालकाचं फिरणं आहे आणि नवीन लायसन्स घेताना ते भरावं लागेल. तेवढी रक्कम किमतीतून कमी करूनच सौदा करा.

आता वॉफ. तपासणीत ब्रेक, टायर, दिव्यांबरोबर मीटरचा आकडाही नोंदला जातो. ती नोंद तुमच्या आरयूसीच्या शेवटच्या आकड्याशी ताडून बघितली जाते आणि नोंद पुढे निघाली की खात्याकडून फरकाची मागणी घरी येते. माझ्या बाबतीत शेवट १,२७,६४० आणि नोंद १,४२,३८०. म्हणजे मी चौदा हजार सातशे किलोमीटर कर न भरता पळवले, असा अर्थ निघाला. अकराशेच्या वर डॉलरचं पत्र!

पत्र वाचून पहिली शंका स्वतःवरच आली. मराठीत चोवीस म्हणताना चार आधी तोंडात येतो, वीस मागून. कुणाला फोनवर आकडा सांगताना माझ्याच तोंडून उलटा गेला की काय? पण आकडा मी सांगितलेलाच नव्हता. तपासणीचा जो कागद गॅरेजने हातात दिला होता, त्यावर पेनाने स्वच्छ १,२४,३८० लिहिलं होतं. चूक संगणकात भरताना झाली. तो कागद मी कचऱ्यात टाकणार होते. वॉफचा कागद पुढच्या वॉफपर्यंत जपून ठेवा.

(तरीही सवय म्हणून: फोनवर आकडा सांगताना एक-दोन-चार-तीन-आठ-शून्य असा सुटा सुटा सांगा. लाखातही नको, हजारातही नको. इथल्या माणसाला ‘वन लाख’ म्हटलं की पुढचं सगळंच गडबडतं.)

गॅरेजला फोन केला. तपासणारा रजेवर. काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, बिल खात्याचं आहे, खात्याला फोन करा. केला. हेल्पलाइनवरच्या माणसाने शांतपणे सांगितलं की वॉफची नोंद ज्याने केली त्यानेच ती दुरुस्त करायची, खातं गाडीवाल्याच्या तोंडी सांगण्यावरून आकडा बदलत नाही. नियम म्हणून बरोबरच आहे, नाहीतर प्रत्येकाने फोन करून मीटर मागे घेतला असता. पुन्हा गॅरेज. तपासणारा आला होता, पण त्याला गाडी आठवेना. ईमेल करा म्हणाला. ईमेल केला. उत्तर नाही. पुन्हा केला. आठवडा गेला. तिसऱ्या ईमेलला एका ओळीचं उत्तर: आमच्याकडे नोंद बंद झाली आहे, बदलता येत नाही.

इथे दोन कामं लगेच केली ती बरी झाली. एक, पत्रावरच्या मुदतीच्या आत खात्याला लेखी हरकत पाठवली: आकडा चुकीचा आहे, गॅरेजशी बोलणं चालू आहे, सोबत कागद. फोनवर नव्हे, लेखी. ‘भरून टाकू, मग परत मागू’ हा सल्ला मला तिघांनी दिला. तो मी मानला नाही. पैसे भरले की चुकीचा आकडा तुम्हीच मान्य केल्यासारखा होतो आणि दुरुस्तीची घाई कुणालाच राहत नाही.

दुसरं, पुरावा. वॉफच्या दिवशीचा मीटरचा फोटो माझ्याकडे नव्हता, आणि नुसता नंतरचा फोटो दाखवला तर ‘मीटर मागे फिरवला नाही कशावरून’ हा प्रश्न उरतोच. कामी आलं ते टायरवाल्याचं बिल. वॉफनंतर नऊ दिवसांनी अलाइनमेंट केली होती आणि त्या बिलावर त्याने १,२४,६१५ लिहिलं होतं. आधीच्या वर्षीच्या वॉफची नोंदही काढली. आधीची नोंद, वॉफचा हाताने लिहिलेला कागद, टायरवाल्याचं बिल आणि आजचा फोटो असे चारही आकडे तारखेप्रमाणे मांडले की संथ चढण दिसते, आणि १,४२,३८० तेवढा झाडावर चढून बसलेला. एका पानावर हे चार आकडे मांडून पाठवा. लांब पत्र लिहू नका, कुणी वाचत नाही.

तो फोटो कसा काढायचा, तेही सांगते. जपानहून आलेल्या लीफमध्ये पडद्यावरची अक्षरं जपानी असतात आणि मीटरशेजारचं बटण दाबलं की एकूण आकडा, ट्रिप ए, ट्रिप बी असं आळीपाळीने येतं. बरेच जण ट्रिपचाच फोटो काढतात. सहा आकडी दिसतोय का बघा, बिल किंवा वॉफचा कागद मीटरच्या खाली धरा आणि दोन्ही एकाच फोटोत घ्या.

शेवटी ईमेल सोडले आणि गाडी घेऊन थेट गॅरेजात उभी राहिले. मालक बाहेर आला, मीटरकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आत जाऊन दुरुस्तीची मागणी भरली. दहा मिनिटं. पाच आठवड्यांत जे झालं नाही ते गाडी दारात उभी केल्यावर झालं. दुरुस्तीची मागणी गेल्याचा ईमेल मला तिथेच, माझ्यासमोर पाठवायला लावला. तो खात्याला पुढे धाडला आणि मागणी रद्द झाल्याचं पत्र आलं.

पैसे द्यायचे नाहीत म्हणून दुर्लक्ष करावं असंही नाही. चुकीची नोंद तशीच राहिली असती तर पुढच्या वॉफला खरा आकडा १,३६,००० च्या आसपास आला असता, म्हणजे नोंदीपेक्षा कमी. गाडीचा इतिहास दाखवणाऱ्या कारजॅमसारख्या साइटवर तो मीटर मागे फिरवल्यासारखा दिसतो. मग गाडी विकताना गिऱ्हाईक ते पान उघडून तुमच्याकडे बघतं. त्यामुळे मागणी रद्द झाली तरी नोंदीतला आकडा खरंच बदलला का, ते स्वतः तपासा. मी दोन वेळा तपासला.

राहिलेल्या दोन गोष्टी. अख्खं मीटर बदलावं लागलं तर जुना आणि नवा दोन्ही आकडे कळवायचे असतात, नाहीतर वरचीच कथा दुप्पट होईल. आणि गाडी भंगारात काढून नोंदणी रद्द केलीत तर न वापरलेल्या किलोमीटरचे पैसे परत मागता येतात. मागावे लागतात, आपोआप येत नाहीत.

पुण्यात गाडी घेताना एकदाच रोड टॅक्स भरला की विषय संपतो. इथे २०२५ च्या ऑगस्टमध्ये परिवहन मंत्री क्रिस बिशप यांनी पेट्रोल गाड्याही टप्प्याटप्प्याने याच पद्धतीत आणायचं आणि काचेवरच्या कागदाची सक्ती काढायचं जाहीर केलं आहे. कागद गेला तरी मीटर राहणारच. पेट्रोलवाल्या मैत्रिणींना मी आत्तापासूनच फोटो काढायला लावते आहे. त्या हसतात.