तुम्ही विचारलंत म्हणून: पाकिटं का बंद केली

"ताई, स्मोक्ड चिकनची पाकिटं का हो बंद केलीत? लायसन्सचं काही लफडं?" दादरच्या मंडईत, लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. लायसन्स शाबूत आहे. भिंतीवर फ्रेम करून लावलंय, येऊन बघा.

जुलैतली रात्र, साडेअकरा. मी स्मोकरच्या जाळ्या घासत होते. फोन एका गिऱ्हाइकाचा. ते आदल्या दिवशी पाकिटं घेऊन कोल्हापूरला गेले होते, पिशवीत, बर्फाशिवाय. "आईला सगळं दोन-दोन दिसतंय. पापण्या उघडत नाहीयेत. तुमचं चिकन खाल्लं होतं." मग डॉक्टर फोनवर आले. मीठ किती घातलं होतं? नायट्राइट, म्हणजे मांसात जंतू वाढू न देणारा क्षार, होतं का? धुरात असताना मांसाच्या आत तापमान किती गेलं? मी म्हणाले, "अंदाजानेच करते हो." पलीकडे कोणी काही बोललं नाही. फोनच्या काचेवर माझ्या बोटांची काजळी उमटली होती, ती मी पदराने पुसत बसले.

चार दिवसांनी निदान झालं: मायस्थेनिया, स्नायू दुबळे पडण्याचा आजार. चिकनचा काही संबंध नव्हता.

"मग बंद कशाला केलंत?" मीही महिनाभर स्वतःला हेच विचारत होते. आजी आयुष्यभर बोंबील सुकवायची, कोणाला काय झालं? पण तिचे बोंबील उघड्यावर कडकडीत वाळायचे, जंतू वाढायला पाणीच उरायचं नाही. माझं चिकन रसाळ, त्याच जोरावर तर खपायचं. आणि डॉक्टरांचे प्रश्न ज्यावरून होते, त्या बोट्युलिझमच्या, म्हणजे अन्नात विष तयार होऊन नसा लुळ्या पाडणाऱ्या आजाराच्या, जंतूला हवा नकोच असते. त्याचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, १२१ अंश लागतात, म्हणजे प्रेशरखाली. ती हवा मी मशीन लावून काढत होते, वर लेबलवर छापत होते: "हवाबंद, म्हणून बिनधास्त". विष तयार झालंच, तर दरवेळी वासही येत नाही. खाण्याआधी दहा मिनिटं खळखळून उकळलं तर ते विष निकामी होतं, पण लेबलवर मीच लिहिलं होतं, थेट सँडविचमध्ये घाला.

आता थर्मामीटर आहे, ग्रॅमचा काटा आहे, क्युअरिंग सॉल्ट (नायट्राइट मिसळलेलं मीठ) किलोला अडीच ग्रॅम मोजून घालते. घरी येऊन खाणाऱ्यांना गरमागरम वाढते. नवरा म्हणतो, मग पाकिटं परत सुरू कर, फ्रीजमध्ये ठेवा म्हणून लिही. लिहीन हो, पण कोल्हापूरच्या गाडीत फ्रीज कुठून आणू? तरी काही दिवस त्याचं पटतं.

पॅकिंगचं मशीन अजून कपाटावरच आहे. परवा एकाने विचारलं, विकायचंय का? म्हटलं, कळवते.