तुम्ही विचारलेत म्हणून : ‘हे त्याचे मूळचेच असणार ना?’

आमचा मुलगा दत्तक आहे, त्याला एडीएचडी (लक्ष टिकवणे अवघड जाणे आणि अतिचंचलता ही लक्षणे असलेली अवस्था) आहे आणि त्याशिवाय वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमताही आहे, हे समजले की पुढचा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: ‘हे त्याचे मूळचेच असणार ना?’ नातेवाईक विचारतात, पालकसभेत भेटणारे विचारतात, आणि दत्तक घेण्याच्या विचारात असलेली जोडपी तर फार काळजीने विचारतात. विचारण्यामागे आपुलकीच असते, कारण ‘मूळचे आहे’ असे ठरले की आई-वडिलांच्या संगोपनावरचा ठपका आपोआप पुसला जातो. पण तो ठपका उचलून ज्याच्या पदरात टाकला जातो, तो आमचा मुलगाच असतो, आणि म्हणून या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देऊन मी थांबत नाही.

एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून तो ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येतो. मात्र हा आकडा मोठ्या समूहातील मुलामुलांमधल्या फरकाविषयी काही सांगतो. एखाद्या मुलाची अमुक इतके टक्के चंचलता जन्मदात्यांकडून आली, असा हिशेब त्यातून मांडता येत नाही. मुदतीपूर्वी झालेला जन्म आणि जन्मतःचे कमी वजन यांचाही एडीएचडीशी संबंध आढळला आहे. सुरुवातीच्या महिन्यांतल्या टोकाच्या उपेक्षेबद्दलचा भक्कम पुरावा मात्र रुमानियातील मुलांकडून मिळाला. १९८९ मध्ये तिथली राजवट कोसळल्यानंतर अनाथालयांतील अनेक मुले ब्रिटनमध्ये दत्तक गेली, आणि ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुले मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. ज्यांचे सहा महिन्यांहून अधिक आयुष्य त्या संस्थांमध्ये गेले होते, त्यांच्यात अवधानाच्या आणि अतिचंचलतेच्या अडचणी अधिक दिसल्या, आणि चांगल्या घरात वर्षानुवर्षे वाढूनही अनेकांच्या बाबतीत त्या टिकल्या. त्याआधी बाहेर पडलेली मुले मात्र पुष्कळशी इतर मुलांसारखीच वाढली. दोष जातो तो त्या महिन्यांतल्या उपेक्षेकडे. दत्तक जाण्याने तर त्यांची सुटकाच झाली होती. शिवाय जगभरात साधारण ५ टक्के मुलांना एडीएचडी असते आणि त्यांतली बहुसंख्य मुले जन्मदात्या आई-वडिलांपाशीच वाढत असतात. त्यांच्या घरी जाऊन हा प्रश्न कोणी दबक्या आवाजात विचारत नाही.

कारणांचा शोध मला निरर्थक वाटत नाही, पण रोज अभ्यासाला बसल्यावर उपयोगी पडणारा प्रश्न वेगळा असतो: आत्ता अडले आहे ते लक्ष, की वाचन? गणिताचे शाब्दिक उदाहरण मी वाचून दाखवले, तर वहीला हात लावायच्या आतच तो उत्तर सांगतो. तेच त्याने स्वतः वाचायचे म्हटले की ‘प्रत्येक’ या शब्दापाशी बोट थांबते, तो ‘परतेक’ असे जुळवतो, मग ‘विद्यार्थ्यांना’ समोर येतो, आणि रफार, जोडाक्षर, अनुस्वार असे सगळे सोडवत वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवातीला वह्या किती होत्या हे निसटून गेलेले असते. मग पाय हलू लागतात, पेन्सिल खाली पडते आणि तो उठतो. दुरून पाहणाऱ्याला केवळ चंचलता दिसते. मिथाइलफेनिडेट या औषधाची त्याला अवधान टिकवायला चांगली मदत झाली, हे मी मोकळेपणाने सांगतो, कारण औषधाच्या धास्तीने अनेक घरांत उपचार लांबणीवर पडतात. पण कोणतेही औषध जोडाक्षर शिकवत नाही. त्यासाठी ध्वनी आणि चिन्ह यांची जोडी विशेष शिक्षकांकडून पायरीपायरीने, पुन्हापुन्हा शिकावी लागते, आणि अल्पकाळ टिकणाऱ्या गोळीचा परिणाम सुमारे चार तासांत ओसरत असल्याने ही शिकवणी दिवसाच्या कोणत्या वेळी ठेवायची, याचाही विचार करावा लागतो.

दत्तक असण्याचा खरा संबंध कुठे येतो, तेही सांगतो. आपल्या आयुष्यात जे घडले त्याचे स्पष्टीकरण मुले स्वतःच तयार करतात. वर्गात दिवसभर ‘नीट बस’ ऐकून आलेल्या आमच्या मुलाने एका रात्री अंथरुणात पडल्या पडल्या विचारले, “बाबा, मी नीट बसत नव्हतो म्हणून त्यांनी मला देऊन टाकलं का?” मी म्हणालो, “अरे, तेव्हा तुला बसताच येत नव्हतं. तू इतका लहान होतास की मानसुद्धा धरत नव्हतास.” यावर मान धरणे म्हणजे काय, बाळे ती कितव्या महिन्यात धरतात, आणि त्याआधी कोणाला नीट बसता येणे शक्य आहे का, हे सगळे त्याने खोदून खोदून विचारून घेतले. नुसता दिलासा त्याला पुरला नसता. त्याला पुरावा हवा होता. त्याला जन्म देणाऱ्यांनी कोणत्या परिस्थितीत निर्णय घेतला हे आम्हाला ठाऊक नाही, आणि त्या रिकाम्या जागी आम्ही गोष्ट रचून घालत नाही. निर्णय मोठ्या माणसांचा होता आणि बाळाच्या वागण्याचा त्यात काडीचाही संबंध नव्हता, एवढे मात्र तो विचारील तितक्या वेळा ठामपणे सांगतो. अशा मुलाच्या देखत ‘मूळचेच असणार’ असे कोणी म्हटले, की त्याने मनाशी बांधलेल्या त्या स्पष्टीकरणाला मोठ्यांची साक्ष मिळते. ‘नीट वागला नाहीस तर सोडून येतील हं’ ही अनेक घरांत सहज दिली जाणारी धमकी आमच्या घरी चालत नाही, आणि ती देणारी व्यक्ती वयाने कितीही मोठी असली, तरी मी तिला तिथल्या तिथे थांबवतो.

दत्तक घेऊ पाहणाऱ्यांना या प्रश्नाचा उपयोग आहे, फक्त त्यांनी तो नेमका विचारावा. जन्माच्या वेळी वजन किती होते, जन्म कितव्या आठवड्यात झाला, मूल संस्थेत किती काळ होते आणि त्या काळात सांभाळणारी माणसे सतत बदलत होती का, हे विचारावे. पुढे कधी शंका आली, तर आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत. एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणे वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली, किमान ६ महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळणारी असावी लागतात, त्यामुळे एकट्या वर्गशिक्षकांच्या तक्रारीवरून कोणी घाईने शिक्का मारू लागले तर तो मान्य करू नये. तपासणाऱ्या तज्ज्ञांना दत्तकाची पूर्वपीठिका जरूर सांगावी, कारण ताटातूट सोसून नव्या घरात आलेले मूलही सतत सावध असते, झोपत नाही, एका जागी ठरत नाही. वरवर पाहता ते एडीएचडीसारखेच भासते, पण त्याला लागणारी मदत वेगळी असते.

‘कुटुंबात आणखी कोणाला असा त्रास आहे का’ हा अर्जावरचा रकाना आम्ही दर वेळी ‘माहिती नाही’ असा भरतो. त्याने काही अडत नाही, कारण हे निदान रक्ताच्या तपासणीवरून किंवा मेंदूच्या स्कॅनवरून होत नसून मुलाच्या वागण्याच्या नोंदींवरून आणि तज्ज्ञांनी घेतलेल्या चाचण्यांवरून होते. आमच्या मुलाच्या कागदपत्रांत जन्माच्या वजनाखेरीज जवळजवळ काहीच नव्हते. तेवढ्या माहितीवरही त्याचे मूल्यमापन पूर्ण झाले, आणि आता परीक्षेत त्याला प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती आणि जादा वेळ मिळतो. गणिताच्या पेपरात तो जादा वेळ त्याला बहुधा लागत नाही.