टोकन विकणाऱ्याला माझी देणगी नाही

क्रिप्टोतल्या प्रकल्पांना मी देणग्या देते म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "मग भाव किती वाढला?" देणगीला भाव नसतो, हे पटवण्यातच बराच वेळ जातो. त्यानंतर येणारा प्रश्न मात्र कामाचा असतो: इतके सगळे प्रकल्प हात पुढे करून बसलेत, त्यातले निवडायचे कसे?

माझी सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली. प्रोग्रामिंग येत नाही, त्यामुळे कोणाचा कोड चांगला हे मी सांगू शकत नाही. पण पैसा कुठून आला नि कुठे गेला हे विचारायची खोड काही सुटत नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न: या मंडळींचं आत्ता कशावर भागतं?

एवढ्या एका प्रश्नात यादीतली बरीच नावं गळतात. स्वतःचं टोकन, म्हणजे विकायला काढलेलं स्वतःचं डिजिटल नाणं, बाजारात आणायचं, त्यातला घसघशीत वाटा संस्थापकांनी ठेवून घ्यायचा आणि वर लोकवर्गणीची हाक द्यायची, अशांना माझ्याकडून छदामही मिळत नाही. झीकॅश या चलनाची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी लपवाछपवी केली नाही. २०१६ मध्ये सुरुवात झाल्यापासून पहिली चार वर्षं प्रत्येक ब्लॉकच्या (व्यवहारांच्या नव्या गठ्ठ्याच्या) वेळी निघणाऱ्या नव्या नाण्यांतला २० टक्के हिस्सा संस्थापक आणि त्यांच्या सोबत्यांना जाईल, हे नियमातच लिहिलेलं होतं. २०२० नंतर तेवढाच हिस्सा विकासनिधीकडे वळवला. चोख व्यवस्था, पण ज्यांची सोय नियमानेच लावलेली आहे त्यांना माझ्या चिल्लरीची काय गरज?

बिटकॉइनमध्ये असा हिस्सा कोणालाच नाही. बिटकॉइन ज्यावर चालतं त्या 'बिटकॉइन कोअर' सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या सगळ्यांना पगार देणारी एक कंपनीही नाही. ब्रिंक, ओपनसॅट्स अशा संस्था देणग्या गोळा करून त्यांच्यातल्या अनेकांना अनुदान देतात. ओपनसॅट्सच्या सर्वसाधारण निधीत टाकलेला सगळा पैसा पुढे अनुदानात जातो, संस्थेच्या कारभाराचा खर्च वेगळ्या खात्यातून होतो. लोकांना ही गोष्ट फार आवडते. मला मात्र ते कारभाराचं खातंच जास्त जवळचं वाटतं. अर्ज वाचणारा, पैसे वेळेवर पाठवणारा, हिशेब लिहिणारा माणूसही जेवतो. त्याच्या नावाने देणगी द्यायला कोणी पुढे येत नाही. मी तिथे थोडे टाकते.

दुसरा प्रश्न: हे काम बंद पडलं तर कोणाच्या लक्षात येईल? उत्तर 'लगेच कोणाच्याच नाही, पण नंतर सगळ्यांच्या' असं आलं की मी थांबून नीट वाचायला लागते. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड नावाची चूक उघडकीला आली. तेव्हा कळलं, अर्धं इंटरनेट ज्यावर विसंबून होतं त्या कामाला वर्षाला जेमतेम २,००० डॉलरच्या देणग्या मिळत होत्या. क्रिप्टोतही असे कोपरे आहेत: वॉलेटच्या (नाणी सांभाळणाऱ्या अॅपच्या) आतली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, नव्या माणसाला समजेल असं माहितीपत्रक, भाषांतरं, चुकांच्या तक्रारींना उत्तरं देत बसणारा एकटा स्वयंसेवक. कोड कळत नसला तरी तारखा वाचता येतात. शेवटची आवृत्ती कधी आली, तक्रारीला उत्तर किती दिवसांनी आलं, सगळीकडे एकाच माणसाचं नाव दिसतंय का, एवढं पाहिलं तरी बरंच उमगतं.

आता थोडं रकमेबद्दल, कारण लहान देणगीची खरी मेख तिथे आहे. बिटकॉइनच्या साखळीवरची फी रकमेवर नसते, व्यवहार किती जागा व्यापतो त्यावर असते. मी ३,००० सातोशी (बिटकॉइनचे सर्वांत बारीक सुटे) थेट पाठवले, तर घेणाऱ्याकडे ते सुटं नाणं म्हणून पडून राहतं. पुढे ते खर्च करताना त्या एका नाण्यापायी व्यवहारात साधारण ६८ व्हर्च्युअल बाइट (जागेचं माप) वाढतात. फीचा दर बाइटमागे ५० सातोशी असेल, तर झाले ३,४०० सातोशी. म्हणजे मी दान दिलं ३,००० आणि ते उचलायला त्याला लागले ३,४००! शंभर जणांनी असं दातृत्व दाखवलं की बिचाऱ्याची पेटी भरलेली दिसते आणि हातात काही येत नाही. म्हणून ज्यांच्याकडे लाइटनिंगची, म्हणजे साखळीबाहेरून लहान रकमा कमी फीत पाठवण्याची, सोय आहे त्यांना मी वरचेवर देते. बाकीच्यांसाठी पैसे साठवते आणि फी उतरली की एकदाच पाठवते.

इथेरियम या दुसऱ्या साखळीच्या बाजूला गिटकॉइन या देणग्यांच्या मंचाने २०१९ पासून चालवलेली पद्धत लहान देणगीदाराला मान देणारी आहे. प्रत्येकाच्या रकमेचं वर्गमूळ काढायचं, त्यांची बेरीज करायची, त्या बेरजेचा वर्ग करायचा. शंभर जणांनी एकेक डॉलर दिला तर उत्तर दहा हजार. एकाच धनाढ्याने शंभर दिले तर शंभरच. सामायिक निधीतून प्रकल्पांना मिळणारी भर या आकड्यांच्या प्रमाणात वाटली जाते. वाचताना मी हरखले, आणि लगेच ऑडिटर जागी झाली: एकाच माणसाने शंभर नावांनी खाती उघडली तर? हा धोका त्यांनाही ठाऊक आहे, ओळख पडताळण्याचे उपाय त्यांनी जोडले आहेत. तरी 'देणगीदार शेकडो' या आकड्यावर मी भाळत नाही.

मोनेरो या चलनाच्या लोकवर्गणीत प्रस्ताव आधी सगळ्यांसमोर चर्चेला येतो, पैसे सामायिक वॉलेटमध्ये जमतात आणि कामाचा टप्पा पुरा झाला की हप्ता मिळतो. सप्टेंबर २०२३ मध्ये हेच वॉलेट कोणीतरी रिकामं केलं, २,६७५.७३ मोनेरो गेले. किल्ली होती फक्त दोघांकडे. आमच्याकडे यावर लाल शाईने शेरा पडला असता. पण प्रकरण त्यांनी दडपलं नाही, आकडे दशांशापर्यंत जाहीर केले. म्हणून तिथे मी अजूनही देते, फक्त अशाच माणसाच्या प्रस्तावाला, ज्याने आधीचं एखादं काम शेवटच्या हप्त्यापर्यंत नेलंय.

राहता राहिली फसवणूक. 'एक पाठवा, दोन परत मिळवा' हा जुलै २०२० मध्ये ट्विटरवरच्या नामवंतांची खाती बळकावून खेळलेला डाव सगळ्यांना माहीत आहे. त्यापेक्षा चलाख प्रकार म्हणजे सुरुवातीची नि शेवटची अक्षरं जुळणारा, पैसे पाठवायचा खोटा पत्ता बनवून तुमच्या व्यवहारांच्या यादीत घुसवणं. मागच्या वेळचा पत्ता म्हणून तुम्ही तोच उचलता. मी जुन्या यादीतून पत्ता कधीच घेत नाही. प्रकल्पाच्या संकेतस्थळावरचा आणि कोडच्या भांडारातला, दोन्ही शेजारी ठेवून मधली अक्षरंही ताडून बघते. नातवाला हे हास्यास्पद वाटतं. वाटो.

पाठवल्यावर वहीत एक ओळ: तारीख, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक, कशासाठी. पाचवा रकाना कोरा ठेवते, सहा महिन्यांनी तिथे काय झालं ते लिहायला. त्यात 'काही नाही' लिहावं लागलं की ते नाव पुढच्या यादीत नसतं. या खेपेला दोन जण शर्यतीत आहेत, एकहाती चाललेलं एक वॉलेट आणि माहितीपत्रकांचं भाषांतर करणारी एक जोडी. पैसे एकापुरतेच आहेत आणि माझा कल भाषांतराकडे आहे. वॉलेटवाल्याला निदान आभाराच्या चिठ्ठ्या तरी येतात.