माहुलीचा घाट आणि मिनस्टेडची कबर

आमच्या इंग्लंडच्या सहलीत मिनस्टेड हा जेमतेम अर्ध्या तासाचा थांबा. न्यू फॉरेस्टमधलं लहानसं गाव, रस्त्यावर मोकळी हिंडणारी घोडी, आणि ऑल सेंट्स चर्चच्या आवारात पार कडेला, झाडाखाली सर आर्थर कॉनन डॉयल यांची कबर. शेरलॉक होम्सचं नाव काढलं की आपली मंडळी खूश होतात. टूर मॅनेजर म्हणून नऊ वर्षं मी बसच्या माइकवर एकच गोष्ट सांगत आलो होतो: तर्काचा एवढा पक्का माणूस, पण पहिल्या महायुद्धात मुलगा गेला आणि बाप मृतात्म्यांशी बोलायला लागला. सगळे हळहळायचे, मग आम्ही उतरायचो.

त्या दिवशीही तसंच झालं. दगडावरचं ‘देशभक्त, डॉक्टर, साहित्यिक’ मी वाचून दाखवलं, फोटो झाले, मंडळी बसकडे वळली. साताऱ्याच्या एक काकू मात्र तिथेच उभ्या राहिल्या.

“मुलगा गेला म्हणून हे सुरू झालं, असं म्हणालास ना? नक्की? आधीपासून नव्हतं?”

मला उत्तर देता येईना. त्याच बोलू लागल्या.

“माझा गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. दहाव्याला माहुलीच्या घाटावर दोन तास पिंडाकडे बघत बसलो. त्याच्या आवडीचं सगळं ठेवलं. धाकटीचं शिक्षण पुरं करू, म्हणून ह्यांनी हात जोडून शब्द दिला. कावळा काही शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. तोवर माझा सगळ्यावर विश्वास होता रे. तो तिथेच संपला. पोर गेल्यावर एखाद्याला विश्वास येतो कसा, ते मला कळत नाही.”

रात्री हॉटेलात डॉयल यांचं आत्मचरित्र उघडलं. कधीतरी घेतलेलं, पण नीट न वाचलेलं. सोबत तारखा ताडून पाहिल्या. पोर्ट्समथच्या साउथसी भागात तरुण डॉक्टर असताना, १८८० च्या दशकातच, ते मृतात्म्यांना बोलावण्यासाठी टेबलाभोवती भरणाऱ्या बैठकांना बसत होते. १८९३ मध्ये अशा अतींद्रिय गोष्टींचा तपास करणाऱ्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चचे सभासद झाले. मरणानंतर जीवन आहे, असं त्यांनी १९१६ मध्ये जाहीरपणे मांडलं. आणि किंग्जली, पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत जखमी झालेला त्यांचा मुलगा, इन्फ्लुएन्झाच्या साथीत वारला २८ ऑक्टोबर १९१८ रोजी. शोध आधीचा होता, तीसेक वर्षांचा. शोक नंतरचा. कॉटिंग्लीच्या दोन मुलींनी काढलेले पऱ्यांचे बनावट फोटो डॉयल यांना खरे वाटले, हे मला ठाऊक आहे, आणि परलोकाबद्दल माझी खात्री कुठल्याच बाजूने नाही. पण कुणाच्या आयुष्यभराच्या शोधाला पुत्रशोकातलं वेड ठरवायचा मला काय अधिकार होता? आणि तेही नऊ वर्षं, दर फेरीला!

सकाळी नाश्त्याला काकूंच्या शेजारी बसलो. सगळं सांगितलं. सप्टेंबर १९१९ मधली, मृतात्म्यांना बोलावण्याची पोर्ट्समथची बैठकही सांगितली. हयात असताना किंग्जलीला वडिलांचं हे पटत नव्हतं. त्या रात्री आवाज आला, त्याने क्षमा मागितली, वडिलांच्या डोक्यावर हात ठेवला, कपाळाचा मुका घेतला, मी सुखात आहे म्हणाला, असं डॉयल यांनी स्वतः लिहिलंय.

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला.

“उजेडात?”

“नाही. अंधारात.”

“म्हणजे दिसला नाही.”

“नाही.”

बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “डोक्यावर हात ठेवला, होय?” आणि स्वतःचाच हात त्यांनी केसांवरून एकदा फिरवला.

बस सुटली तसा मी माइक घेतला. काल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं, म्हणालो, आणि साउथसीपासून सुरुवात केली.